निळा पेन

"पाणी हवं का? भीती वाटतेय का? नको वाटत असेल तर राहू दे हं," मास्तर एका दमात बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. यातलं एकही वाक्य तोंडातून काढायचं नाही, असं लेकीवर उपचार करणाऱ्या ताईंनी बजावलं होतं.

गाडी वह्या-पेनांच्या दुकानासमोर उभी होती. शेजारी त्यांची लेक ठकी ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती, "काका, एक निळा पेन द्या." सकाळपासून तिचा हाच जप चालला होता.

मास्तर लोकांना गाडी चालवायला शिकवत. शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकाऊ चुकायच्या आत यांचा पाय त्यावर पडलेला असे. उभ्या आयुष्यात गाडीला एक ओरखडा नाही, याचा त्यांना कोण अभिमान! घरीही तोच खाक्या. ठकीला कुणी नाव विचारलं की सांगणार मास्तर. शाळेत तिच्या पोटात दुखलं की हे फाटकाशी हजर.

"देवानं पोरीला तोंड दिलंय, जरा उघडू द्या की!" बायको चिडायची.

"अगं, भित्री आहे ती."

पुढे ठकी शाळेत जाईनाशी झाली. जेवेना, हसेना, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. तेव्हा मात्र मास्तरांचं धाबं दणाणलं.

मुलांच्या मनावर उपचार करणाऱ्या ताईंनी तिघांनाही समोर बसवलं. "ठकी, काय होतं गं तुला?"

"तिला ना छातीत धडधडतं," मास्तर म्हणाले.

ताई हसल्या. "बाबा, अर्धं औषध तुमच्याकडे आहे. ती घाबरेल, घाबरू द्या. जवळ राहा, पण मध्ये पडू नका. पहिली पायरी सोपी: तिने एकटीने दुकानात जाऊन एक पेन मागायचा."

बोलायला काय जातं! पोटचं पोर थरथरत असताना हाताची घडी घालून बसायचं म्हणजे काय, ते त्या बापाला विचारा.

ठकी गाडीतून उतरली. दुकानाच्या पायरीशी थबकली, मग आत गेली. आणि लगेच ती परत आलीसुद्धा, हातात पेन घेऊन.

"वा गं माझी वाघीण! जमलं की!"

ठकी रडत नव्हती. रडली असती तर बरं, असा तिचा चेहरा झाला होता.

"मी तोंड उघडायच्या आत काकांनी पेन काढून दिला. म्हणाले, बाबांचा फोन आला होता."

सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा मास्तरांनी चोरून दुकानात फोन केला होता. "तुला त्रास नको म्हणून गं, बाळा..."

"मला येत होतं, बाबा. खरंच येत होतं." ती खिडकीकडे वळली. "तुम्हालापण वाटलं ना, मला जमणार नाही?"

मास्तरांनी गाडीच्या किल्लीला हात घातला. "दुसऱ्या दुकानात जाऊया का?" त्यांनी विचारलं. तिने मान हलवली. नाही.

बायकोला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. ताईंना मात्र खरं काय ते सांगून टाकायचं, असं मनाशी पक्कं करूनच ते पुढच्या भेटीला गेले.

"मग ठकी, दुकानात काय झालं?" ताईंनी विचारलं.

प्रश्न तिला होता. मास्तरांनी ओठ घट्ट मिटून घेतले. जन्मात पहिल्यांदा. ठकीने बापाच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम फुटला होता.

"जमलं," ती म्हणाली. "मीच मागितला. काकांना म्हटलं, निळा द्या. बाबा गाडीतच बसून होते."

त्या खोलीत ती इतकं सलग कधी बोलली नव्हती. आईचे डोळे भरून आले.

"शाब्बास! आणि बाबा, तुमचीपण कमाल आहे हं," ताई म्हणाल्या.

मास्तरांनी बोलायला तोंड उघडलं. टेबलाखाली ठकीने त्यांचा हात घट्ट दाबला.

ताईंनी खुर्ची पुढे ओढली. "छान! मग आता पुढची पायरी. सोमवारी शाळेत जायचं. वर्गापर्यंत, एकटीने."

ठकीचा हात गार पडला होता. मास्तर नुसती मान डोलवत राहिले.