गुरुजींची अडकलेली राणी

रेणुकादास गुरुजींनी जन्मात पत्त्यांना हात लावला नव्हता, आणि चालेल तिथवर दुसऱ्यांनाही लावू दिला नव्हता. औसा तालुक्यातल्या शाळेतून निवृत्त होऊन ते लातुरात राहायला आले, तेव्हा अंबरीश या त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्यानं त्यांना आपल्या क्लासच्या ऑफिसात बसवलं. बारावीसाठी कुठून कुठून पोरं लातूर गाठत होती. त्यांचे फॉर्म भरून घ्यायचे, आईबापांना धीर द्यायचा आणि मागच्या अभ्यासिकेत कुणी पत्ते कुटत नाही ना ते बघायचं, एवढं गुरुजींचं काम.

नव्व्याण्णवच्या दिवाळीनंतर ऑफिसात कॉम्प्युटर आला. तो चालवायला शहजादी आली. तिच्या वडिलांचं गंजगोलाईजवळ घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. सरांनाही शिकव, असं अंबरीशनं तिला बजावलं. पण गुरुजींनी माऊस धरला की पडद्यावरचा बाण बिथरल्यासारखा कोपऱ्यात जाऊन बसायचा. शेवटी शहजादीनं त्यांना एक खेळ उघडून दिला. यानं हाताला वळण लागेल म्हणाली. हिरव्या पडद्यावर पत्त्यांच्या सात ओळी बघून गुरुजी खुर्चीतून अर्धे उठले. पण ती म्हणाली, सर, यात समोर कुणी खेळणारं नाही, पैसा नाही, हे तर शिक्षणच आहे. शिक्षण म्हटल्यावर गुरुजींचा इलाज खुंटला.

पुढचा जून आला तरी हाताला वळण लागतच होतं. सकाळी आल्यावर थोडं, जेवणानंतर थोडं, आणि मधे जे उरेल तेही. डाव मात्र एकदाही सुटला नव्हता. गुरुजी चष्मा कपाळावर ढकलत, ओठांत काहीतरी पुटपुटत, मोठा उसासा टाकत. समोरच्या बाकावरच्या आईबापांना वाटे, सर आपल्याच लेकराच्या काळजीत आहेत.

त्या जूनमध्ये देवणीचे गुरुपादप्पा मुलाचं गुणपत्रक घेऊन आले. देवणी गाईंची चांगली दावण राखून असलेला हा माणूस ऑफिसात मात्र आवाज खाली करून बोलत होता. पोराला प्रवेश मिळेल का, असं त्यांनी विचारलं. त्या वेळी गुरुजींची काळी राणी एका राजाखाली अडकली होती, आणि राजा हलवायला एकही ओळ मोकळी नव्हती.

"जागा रिकामी झाल्याशिवाय काही करता येत नाही," गुरुजी मान वर न करता म्हणाले.

गुरुपादप्पा हात जोडून उठले. दुसऱ्या दिवशी येऊन बाकावर बसले, तिसऱ्या दिवशीही बसले. गुरुजींनी त्यांच्याकडे बघून ओळखीचं हसावं आणि पुन्हा पडद्यात शिरावं. चौथ्या दिवशी त्यांना कुणीतरी सांगितलं की सरांच्या बायकोचं माहेर देवणीच. ते तुपाचा डबा घेऊन थेट घरी गेले.

"अक्का, पोरगं लई हुशार हाय," ते चंद्रप्रभाबाईंना म्हणाले. "जागा कवा रिकामी होनार, तेवढं सरांना इचारा."

चंद्रप्रभाबाई चक्रावल्या. अर्धे बाक अजून भरले नाहीत, अंबरीश काळजीत आहे, असं गुरुजी कालच जेवताना म्हणाले होते. त्यांनी तुपाचा डबा पाहुण्यांच्या हाती परत दिला, गुरुजींचा जेवणाचा डबा उचलला आणि दोघं ऑफिसात आले.

त्यांना दारात बघताच शहजादी कोऱ्या कागदावर भराभर लिहू लागली. गुरुजींना पत्ता नव्हता. चंद्रप्रभाबाई त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघून हळूच म्हणाल्या, "लाल नव्वी त्या काळ्या दश्शीवर ठेवा की."

गुरुजींनी दचकून मागं बघितलं. हे कॉम्प्युटरचं शिक्षण आहे, असं त्यांनी कसंबसं सांगितलं.

"असू द्या. नव्वी ठेवा."

त्यांनी नव्वी ठेवली. खालचं पान उलटलं, आणि गुरुजींना दुसराच एक डाव आठवला. त्र्याण्णवच्या भूकंपात घराची भिंत पडल्यावर ते दोघं पत्र्याच्या शेडमध्ये राहिले होते. जमीन अधूनमधून हलायचीच. मन रमावं म्हणून शेडमधल्या बाया दुपारी मेंढीकोट खेळायच्या. एकदा मदतीच्या याद्या लिहून गुरुजी परतले, तर डाव रंगलेला आणि बायकांत हसू चाललेलं. मास्तरच्या बायकोला हे शोभतं का, असं ते सगळ्यांदेखत बोलले होते. चंद्रप्रभाबाई पानं पालथी ठेवून उठल्या, आणि पुन्हा कधी बसल्या नाहीत.

"त्या दिवशी शेडमध्ये मी तुला उठवायला नको होतं," गुरुजी पडद्याकडे बघतच म्हणाले.

कोणत्या दिवशी, असं चंद्रप्रभाबाईंनी विचारलं नाही. "तीन दश्श्या आमच्याकडं आल्या होत्या," त्या म्हणाल्या. "चौथी माझ्या हातात होती. चारही जमून समोरच्यांवर कोट लागला असता."

सात वर्षं ही बाई चौथी दश्शी मनात धरून वावरत होती, आणि आपल्याला वाटत होतं ती विसरली. गुरुजी उठले आणि त्यांनी खुर्ची तिला दिली.

पण तिनं बसण्याआधी गुरुपादप्पांच्या मुलाचा फॉर्म भरायला लावला. जागा चाळीस शिल्लक होत्या. पाच मिनिटांचं काम. अक्कानं शब्द टाकला म्हणून जागा निघाली, अशी गुरुपादप्पांची ठाम समजूत झाली, आणि ती खोडून काढायचं धाडस गुरुजींना झालं नाही.

मग शहजादीनं बाईंना माऊस धरायला शिकवलं. तिसऱ्या डावाला चारही एक्क्यांवर राजापर्यंत पानं चढली, आणि पत्ते एकेक करून उड्या मारत पडद्यावरून सांडू लागले. असं काही होतं हे गुरुजींना ठाऊकच नव्हतं. बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या.

पुढं शनिवारी क्लास सुटल्यावर ऑफिसात खरे पत्ते आले. मेंढीकोटाला चार जण लागतात, म्हणून पोराला भेटायला येणारे गुरुपादप्पा बाईंचे भिडू झाले आणि शहजादीच्या वाट्याला गुरुजी आले. पहिल्याच शनिवारी त्यांच्यावर दोन कोट लागले. हुकूम हातात असताना झोपलात का, म्हणून शहजादी त्यांना रागावली. कॉम्प्युटर निदान बोलत तरी नव्हता, असं गुरुजी घरी जाताना चंद्रप्रभाबाईंना म्हणाले. त्यावर बाईंनी रिक्षा येईपर्यंत त्यांना कोणतं पान कधी टाकायला हवं होतं, ते पहिल्या हातापासून समजावून सांगितलं.