सगळ्याला डोन्ट

सारजानं शेवटच्या रिकाम्या जागेत शब्द लिहिला आणि पेनाला टोपण लावलं, तेवढ्यात भिंतीपलीकडून ओळखीचा आवाज आला.

"सगळ्याला डोन्ट लाव गं, सारजे. बिनघोर."

वर्गात खसखस पिकली. दहावीच्या इंग्रजीला इंदापूरच्या त्या केंद्राबाहेर भाऊ, मामा, दोस्त जमायचे. पाणी पाजणाऱ्याच्या हातून पेपर बाहेर जायचा आणि उत्तरं ओरडून आत यायची. पण कुणाच्या नवऱ्यानं ओरडल्याचं आजवर ऐकिवात नव्हतं. शेजारच्या दोन पोरांनी आपलं लिहिलेलं खोडून मुकाट डोन्ट लावलं.

सारजा खाली बघत राहिली. हा माणूस रोज भिंतीकडं तोंड करून घोरतो, असं ती वर्षभर समजून चालली होती. रात्री चुलीपाशी ती मोठ्यानं घोकायची: एक शेळी खात नाही, डझन्ट. साऱ्या शेळ्या खात नाहीत, डोन्ट. खाणारच नाही म्हणून अडून बसली, वोन्ट. उदाहरणाला शेळ्या झाल्या, दीर झाला, गावचा सरपंच झाला. नवरा तेवढा राहिला. त्याचं नाव तिनं लग्नात उखाण्यापुरतं घेतलं होतं, पुन्हा कधी नाही.

इंग्रजीत ती दोनदा नापास झालेली. अंगणवाडीत मदतनीस म्हणून पोरं गोळा करायची, भांडी घासायची. दहावी सुटली तर सेविका होऊन त्याच पोरांना शिकवता येणार होतं. आणि नवऱ्यानं सांगितलं की हातातलं सोडून तसं करायचं, ही तर लग्नापासूनची सवय. अंगठ्याखाली टोपण अर्धं निघालं.

तिनं ते परत दाबून बसवलं.

पेपर सुटल्यावर स्टँडवर नवरा उसाच्या रसाचे दोन गिलास घेऊन उभा होता.

"ऐकू आलं का?"

"साऱ्या इंदापूरला आलं."

"मग लावलंस?"

"न्हाय."

पुढं काहीतरी कारण जोडायचं तिच्या जिभेवर आलं होतं. तिनं रसाचा घोट घेतला. त्यानं टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. गावाकडची लासुर्ण्याची एसटी लागली तरी तो जागचा हलला नाही.

"मंग बरुबर काय हुतं?"

"बसा हितं," बाकावर सरकत ती म्हणाली. "लई जण असली की डोन्ट. एकट्याला न्हाय." ती थांबली. बाकाच्या टोकाला बसलेल्या म्हातारीनं कान टवकारले होते. "आता समजा, मल्हार ऐकत न्हाय."

मल्हारनं चपापून इकडंतिकडं बघितलं. म्हातारीनं पदर तोंडाला लावला.

"हं, सांगा," सारजा म्हणाली. "मल्हार..."

"डझन्ट," तो हळूच म्हणाला, आणि तिच्या हातातला रिकामा गिलास त्यानं आपल्याकडं घेतला.