विहीणबाईंना सांगा

ओल्या फडक्यावर थापलेल्या बिबड्यात, ज्वारीच्या त्या पातळ पापडात, एका जागी बोटाला काहीतरी कठीण लागलं... तीळ? तीळ एवढा बोचत नाही. ज्वारीची कणी असणार, भिजताना चुकलेली, दळतानाही सुटलेली. कामिनीनं ती नखानं उचलून बाजूला टाकली, पाण्याचा हात लावून खळगा बुजवला, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण सगळा बिबडा पुन्हा एकदा बोटांनी चाचपतो आहोत, कडेपासून मध्यापर्यंत, हळूहळू, आणि समोर बसलेली बेबाबाई थापायचं थांबून आपल्याकडेच बघते आहे.

"याहीसाठे इतला पातळ थापी राह्यनी का व?" बेबाबाई म्हणाली. "धुळाले जाता जाता बठ्ठा तुटी जातीन!"

व्याह्यांचं नाव निघालं तशी कामिनी हसली. हसायला हवं होतं म्हणून हसली. बेबाबाई मागच्या गल्लीतली, मूळची पारोळ्याकडची, दर चैत्रात बिबडे करायला येणारी. तिला काही सांगितलेलं नव्हतं. ऊन चढायच्या आत थापून व्हायला हवं होतं, एकदा तापली की जळगावातली गच्ची पाय ठेवू देत नाही. कामिनीनं फडकं दोन्ही हातांनी उचललं, पसरलेल्या धोतरावर उलटं टाकलं, आणि डाव्या काखेखाली कळ आली तशी ओठ दाबून फडकं सोडवून घेतलं. सुई घातल्याची जागा अजून दुखत होती. तुकडा काढला होता तिथून, तपासायला. कॅन्सर आहे म्हणून कळवलं होतं.

कळवलं होतं... कुणाला? मला नव्हे. मी समोरच्या खुर्चीत बसले होते, हातभर अंतरावर, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, आणि डॉक्टर रुपचंद, दिपमालाचे सासरे, माझे व्याही, धुळ्याचे एवढे मोठे सर्जन, माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाले, "प्रेमराजभाऊ, विहीणबाईंना सांगा, घाबरायचं कारण नाही. पण काढावं लागेल. पूर्ण. घरच्या माणसाच्या बाबतीत मी रिस्क घेणार नाही." मग प्रेमराजनं वळून तेच मला सांगितलं, जणू मी कानानं अधू आहे. मी मान हलवली. चहा आला. मी तो प्यायलेसुद्धा.

आणि आता रविवारी जायचं, सोमवारी ऑपरेशन. बिबड्यांचा डबाही त्याच गाडीतून जायचा होता. व्याह्यांना बिबडे फार आवडतात, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यापासून दिपमाला सांगते, पप्पांना बाकी कुणाचे चालत नाहीत. मग जातोच आहोत तर रिकाम्या हातानं कशाला जायचं, असं कामिनीला परवा खरोखरच वाटलं होतं; आता त्या विचाराचं तिला हसू आलं आणि पाठोपाठ राग. काय बाई तरी! ऊर कापून घ्यायला निघालीस आणि सोबत डबा कसला नेतेस?

पण राग कुणाचा, हे धड कळेना. माणूस तर भला. पैशाचं नाव काढू दिलं नाही. खोली स्वतः बघून ठेवली, खिडकीची. कामिनी केबिनमध्ये शिरली की तो माणूस आजही उठून उभा राहतो, आणि ती बसल्याशिवाय बसत नाही. दिपमालाच्या लग्नात बायकांनी व्याह्याला गाण्यातून काय काय ऐकवलं होतं... रीतच ती, व्याह्याला नागवं करून सोडायचं नुसत्या शब्दांनी. सगळ्यांत मोठा आवाज कामिनीचाच होता, आणि ते बिचारे मांडवात खाली मान घालून हसत होते. तेवढं चालतं. त्यांच्यापुढं नुसतं डोक्यावरचा पदर ढळला तर मात्र चालत नाही. चार वर्षांत त्यांनी तिच्या तोंडाकडे नीट बघितलेलं तिला आठवत नाही. ती वाढते, ते ताटाकडे बघून 'पुरे' म्हणतात.

म्हणून तपासणीच्या दिवशी... हं, त्या दिवशी काय झालं ते नीट आठवायचं तिनं टाळलं होतं. आता हात थापत होते आणि मन मोकाट होतं, तर ते तिथंच गेलं. "आमच्या डॉक्टर मॅडम बघून घेतील," असं ते म्हणाले होते आणि खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसले होते. पडदा ओढलेला असतानासुद्धा! एक पोरसवदा डॉक्टर, दिपमालापेक्षाही लहान असेल, थंडगार हातानं घाईघाईत चाचपून गेली. साहेब पडद्याबाहेर थांबलेत याचंच तिला दडपण. एकच बाजू. काखेत तिनं हात घातला होता का? नाही. नसावा. मी भडगावला बहिणीकडे गेले होते तेव्हा बायकांचं शिबिर होतं, तिथल्या जाड भिंगाच्या डॉक्टरीणबाईंनी तर काही दुखत नसताना दोन्ही बाजू, दोन्ही काखा, गळ्याचं हाड, सगळं बघितलं होतं. 'हात वर करा, आता कमरेवर ठेवा,' असं दहादा म्हणाल्या होत्या, आणि आम्ही बायका फिदीफिदी हसलो होतो.

मग ती पोरगी बाहेर जाऊन साहेबांना इंग्रजीत काहीतरी म्हणाली, सुईनं तुकडाही तिनंच काढला. रिपोर्ट आला. आणि ठरलं.

आणि मी? पडद्याआड ब्लाऊजचे हुक लावताना मला काय वाटलं होतं... सुटका. बरं झालं बाई, त्यांनी बघितलं नाही. किती सभ्य माणूस! देवासारखे व्याही मिळाले दिपमालाला. घरी येईपर्यंत, पार एरंडोल ओलांडेपर्यंत, मी हेच घोकत होते. कॅन्सर हा शब्द त्याच्यामागं कुठंतरी बसून होता.

"तुनं तोंड उतरेल शे व माय," बेबाबाई म्हणाली. "उपास शे का?"

"नाही हो अक्का. झोप नाही झाली."

"मंग उठ. मी करस बठ्ठं."

पण कामिनी उठली नाही. हात रिकामे झाले असते तर काय केलं असतं? काल रात्री जेवताना तिनं प्रेमराजकडे विषय काढून बघितला होता. नाशिकला नाहीतर मुंबईला एकदा दाखवावं का, नुसतं विचारायला, पूर्णच काढायला हवं का, काही वाचवता येतं का. त्यानं भाकरीचा घास तसाच ठेवला. रागावला नाही तो. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "मी काय सांगून मागू त्यांच्याकडे काचपट्ट्या? तुमच्यावर भरवसा नाही म्हणून?" आणि मग, "ते चुकतील का कामिनी? आपल्या बाबतीत?"

तपासायला काढलेल्या त्या तुकड्याच्या काचपट्ट्या, स्लाइड म्हणतात त्या, धुळ्यात, व्याह्यांच्या दवाखान्यात. दुसरा डॉक्टर पहिल्यांदा त्याच मागणार. म्हणजे मागायला लागणार. आणि मागितल्या की विहीणबाईंना, त्यांच्या बायकोला, संध्याकाळपर्यंत कळणार. त्यांचे चुलत दीर गुडघ्याचं ऑपरेशन करायला नाशिकला गेले, तेव्हा त्या दिपमालासमोरच म्हणाल्या होत्या, "घरात सर्जन असताना लोक बाहेर जातात, मग आम्हीही त्यांच्या दाराला जात नाही." गेल्याही नाहीत. पुतणीच्या हळदीलासुद्धा नाही. दिपमाला तर त्याच घरात राहते, त्याच स्वयंपाकघरात उभी असते दिवसभर. तिला कुणी शिव्या देणार नाही, मारणार तर मुळीच नाही. नुसतं बोलणं कमी होईल. जेवताना भांड्यांचा आवाज तेवढा होईल... मी तसल्या घरात दिवस काढलेत, मला माहीत आहे. पोरीच्या वाट्याला तेच द्यायचं? आणि कशासाठी, दुसऱ्यानंही 'पूर्ण काढा' म्हणून सांगितलं तर?

सांगेलही. त्याची तिला इतकी धास्ती नव्हती, हे तिचं तिलाच नवल वाटलं. पन्नाशी उलटली आहे, त्या उराचं आता कौतुक ते काय. कुणी नीट बघून, दोन्ही बाजू चाचपून, माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं असतं की बाई, काढावं लागेल, तर रडले असते चार दिवस आणि गेले असते. मग नेमकं काय खुपतंय तुला?

आणि तेव्हा, फडकं पाण्यात बुडवताना, तिला ते स्पष्ट दिसलं; इतकं साधं होतं की आजवर कसं सुचलं नाही. सोमवारी ते बघणार होते. सोमवारी बघावंच लागणार होतं. मी बेशुद्ध असताना, तोंडावर कापड असताना, मी त्यांची विहीण नसताना. पहिल्यांदा बघणार ते सुरी हातात घेऊन. म्हणजे जागी असताना लाज आड येते आणि झोपवल्यावर येत नाही. मग ती लाज राखली तरी कुणाची? त्यांची की माझी? आणि घरच्या माणसाच्या बाबतीत रिस्क नको म्हणून पूर्ण काढायचं... की नीट बघितलंच नाही म्हणून पूर्ण काढायचं? हे दुसरं खोटं असेल. असूही दे. पण ते खरं आहे की खोटं, हे मला कोण सांगणार? तेसुद्धा सांगू शकणार नाहीत. त्यांनाच ते माहीत नसणार.

बेबाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली, प्यायला पाणी आणते म्हणून जिन्यानं खाली गेली. तिच्या पाठोपाठ वर येणारी पावलं प्रेमराजची होती. कानाशी फोन, चेहऱ्यावर ते अदबीचं हसू. ते हसू कुणाच्या फोनसाठी असतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"हो डॉक्टरसाहेब... हो, विचारतो." फोन छातीशी धरून तो म्हणाला, "बीपीची गोळी चालू ठेवली आहेस ना, विचारतायत. आणि रविवारी उपाशी नको, हलकं जेवून निघा म्हणाले."

"द्या इकडं," कामिनी म्हणाली.

"काय?"

"फोन द्या."

तिचे हात पिठानं बरबटलेले. तो गोंधळला, तिच्या हातांकडे बघू लागला, हीच काय ती अडचण असल्यासारखा. तिनं उठून हात लुगड्याला पुसले, अंगावरच्या चांगल्या लुगड्याला, आणि फोन घेतला.

"हॅलो. मी कामिनी बोलतेय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. अगं बाई, उठून उभे राहिले! धुळ्यात, स्वतःच्या केबिनमध्ये, फोनवर. तिला एकदम त्यांची कीव आली. हजार बायका तपासलेला माणूस हा, आणि माझ्यापुढं त्याला कुठं बघावं कळत नाही.

"हां, हां... विहीणबाई... नमस्कार. प्रेमराजभाऊ आहेत ना तिथं?"

"आहेत. इथंच आहेत," ती म्हणाली, आणि फोन परत दिला नाही.

प्रेमराज खुणा करत होता, काय, काय म्हणतेस. बोलायचं होतं ते सगळं तोंडाशी आलं होतं आणि एकाही वाक्याची सुरुवात सापडत नव्हती. काचपट्ट्या हव्या आहेत, तुम्ही मला बघितलं नाहीत, दिपमालाला काही बोलू नका... यातलं आधी काय म्हणतात? छातीत धडधडायला लागलं, आणि कामिनी बिबड्यांच्या मधोमध, होती तिथंच खाली बसली.

हे काय होतंय मला? ही लाज नाही. लाज मी चांगली ओळखते, इतके दिवस तिच्याशीच तर संसार चालला होता माझा. पदर, पडदा, खिडकीकडे फिरवलेली खुर्ची... तिच्या आडोशाला मी चांगली धडधाकट होते, चहा पीत होते, बिबडे थापत होते. ही भीती आहे. मरणाची. मी मरेन, खरोखरच मरेन, मी, कामिनी, आणि मला मरायचं नाहीये. रिपोर्ट आल्याला इतके दिवस झाले आणि ही आत्ता येतेय! येऊ दे. केवढी मोठी आहे ही... आणि तरी हिच्यासमोर सगळं कसं लहान होत चाललंय, विहीणबाईंचं रुसणं, भांड्यांचा आवाज, दिपमालाचं उतरलेलं तोंडसुद्धा. देवा, दिपमालाचंसुद्धा!

"विहीणबाई?" फोनमधून आवाज आला. "बोला ना. मी ऐकतोय."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. डोक्यावरचा पदर ढळला होता, पण सावरायला हात गेला नाही.