एकशे सत्त्याऐंशीवी साक्ष

“आता सांगतो त्यावर कुणाचा विश्वास बसायचा न्हाय,” असं म्हणून रावजी म्हात्रे मांडी ठोकायचा, आणि खारजांभूळ गाव सावरून बसायचं. रावजीनं खाडीत एवढा मोठा चिंबोरा धरला होता की त्याच्या नांगीत बैल अडकला. रावजीच्या मिठागरावर एकदा असं ऊन पडलं की बगळा उडता उडताच खारवला, आणि खाली आला तो थेट तोंडी लावायला. लोक हसायचे, चहा पाजायचे, घरी जायचे. थापेनं कुणाचं वाकडं झालं नव्हतं.

एक थाप मात्र घरी गेली नाही. ती गावातच राहिली. तिला पत्र्याचं छप्पर मिळालं, पितळेची घंटा मिळाली आणि वर एक महाराजही मिळाला.

त्या रविवारी सकाळी मिठागराच्या बांधावर पाय ठेवायला जागा नव्हती. अलिबागच्या गाड्या, पालीचे टेम्पो, आगरदांड्याहून आलेली माणसं. कुणाच्या मानेवर गजकर्ण, कुणाच्या कमरेला नायटा, सगळे खाजवत रांगेत उभे. सातव्या वाफ्याच्या कडेला मिठानंद महाराज बसले होते. पुढ्यात मातीचा डेरा, डेऱ्यात काळी चिकणमाती.

“ही माती न्हाय, बाळांनो! हा समुद्राचा घाम आहे!” महाराज गरजले. “सहा वाफ्यांत मीठ पिकतं, सातव्यात पुण्य पिकतं. तीन दिवस लावा. नायटा म्हणेल, महाराज, येतो मी! आणि मी अडाणी बुवा सांगतो म्हणून ऐकू नका. फळा वाचा, फळा!”

फळ्यावर खडूनं लिहिलं होतं : ‘जगातल्या १८६ शास्त्रज्ञांच्या साक्षी.’

हा आकडा महाराजांनी हवेतून काढलेला नव्हता, आणि गंमत तिथंच होती. याच गावची जागृती पाटील मुंबईत त्वचारोगाची डॉक्टर झाली, संशोधन करू लागली. नऊ वर्षांपूर्वी तिनं गावातल्या चाळीस जणांना सातव्या वाफ्याची माती लावून बघितली. अडतीस बरे झाले. तिचा लेख परदेशात छापून आला आणि जगभरचे डॉक्टर आपापल्या लेखांत त्याचा उल्लेख करू लागले. किती उल्लेख झाले ते मोबाइलवर दिसतं. महाराजांचा शिष्य धनेश रोज बघायचा, आणि आकडा एकानं वाढला की घंटा बडवायचा.

दुसऱ्या गावात लोकांनी विचारलं असतं, उल्लेख म्हणजे काय? खारजांभूळला तो प्रश्नच पडला नाही. इथं गावकीत तंटा आला की साक्षीदार मुठीत मीठ घेऊन बोलतो. खोटं बोलणाऱ्याच्या मुठीत मीठ पाझरतं, अशी समजूत. ज्याच्या बाजूनं जास्त मुठी, त्याच्या बाजूनं निकाल. तेव्हा एकशे शहाऐंशी उल्लेख म्हणजे एकशे शहाऐंशी मुठी. संपला विषय.

रावजी गर्दीच्या मागं उभा होता. एरवी तो पुढं असायचा, “पहिला पेशंट मीच!” म्हणून पोटरी उघडून दाखवायचा. आज पुढं जाववेना. कारण समोरून जागृती येत होती, आणि तिच्या सोबत होती त्याची नात, अमिषा.

भर मेमध्ये अमिषानं गळ्याभोवती ओढणी गच्च गुंडाळली होती. चार महिन्यांपूर्वी तिच्या मानेवर रुपयाएवढा नायटा उठला. रावजीनंच तिला हाताला धरून महाराजांकडे आणलं. तीन दिवसांत नायटा गेला. पाचव्या दिवशी आला, दुप्पट. पुन्हा माती, पुन्हा गेला, पुन्हा आला. आता मानेपासून खांद्यापर्यंत लालभडक चकंदळं होती, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती आणि काखेपाशी फाटल्यासारखे पट्टे पडले होते. बारावीची पोर, पण तिनं कॉलेजला जाणं सोडलं होतं. शेवटी कुणाला न सांगता ती मुंबईला जागृतीच्या दवाखान्यात गेली.

“महाराज, तुमच्या मातीची परीक्षा घ्यायची आहे,” जागृती म्हणाली.

“घे की गो! तुझ्याच लेखावर तर आमचा देव्हारा उभा आहे!”

गर्दी हसली. जागृती हसली नाही. तिनं गावातल्या दोघांकडून सातव्या वाफ्यातली माती सगळ्यांसमोर खणून घेतली. मग सरपंच नीराबाईंना विचारून त्यांच्या हातावर दोन ठिपके लावले, एक खणलेल्या मातीचा, एक डेऱ्यातल्या मातीचा. वरून पट्ट्या चिकटवल्या आणि एक, दोन असे आकडे घातले.

“संध्याकाळी उघडू. तोवर हात धुवू नका, काकू.”

“म्हंजे आज भांडी ह्यांच्याकडं,” नीराबाई नवऱ्याकडे बघून म्हणाल्या.

दिवसभर रावजीला अन्न गेलं नाही. माणसाला आपल्या पापाची तारीख पाठ असते.

नऊ वर्षांपूर्वी रावजीच्या पोटरीला नायटा झाला होता हे खरं. तो दिवसा मिठागरावर मातीत राबत होता हेही खरं. पण संध्याकाळी पेणच्या औषधाच्या दुकानातून आणलेली पिवळी ट्यूब चोळत होता. नायटा गेल्यावर त्यानं मातीची गोष्ट सांगितली, ट्यूब गाळली. ट्यूबच्या गोष्टीला चहा कोण पाजणार? मग जागृती वही घेऊन आली. “काका, दुसरं काही लावत होता?” रावजीनं मुठीत मीठ घेऊन सांगितलं, “काय न्हाय.” तिथंही थांबला असता तरी चाललं असतं. पण चाळीस जणांसाठी मातीचे डबे भरून द्यायचं काम तिनं विश्वासानं त्याच्यावरच टाकलं, आणि गोष्ट खोटी पडेल म्हणून त्यानं तीन दुकानं फिरून ट्यूबा आणल्या आणि सगळ्या डब्यांत पिळल्या. लेख छापून आला तेव्हा त्याला वाटलं, चिंबोऱ्यापेक्षा ही थाप मोठी, साता समुद्रापलीकडं गेली! चार वर्षांपूर्वी ताडीच्या घोटाबरोबर त्यानं ही गंमत एका फिरत्या बुवाला, म्हणजे आजच्या मिठानंद महाराजांना, सांगितली. बुवा हसला नाही. त्यानं ट्यूबचं नाव विचारलं.

ऊन उतरल्यावर देवळापुढच्या पटांगणात गावकी बसली. नीराबाईंनी हात पुढं केला. जागृतीनं पट्ट्या सोडवल्या, माती पुसली. पहिल्या पट्टीखाली कातडी होती तशी. दुसऱ्या पट्टीखाली पांढरट, फिकट गोल, कुणी चुना पुसल्यासारखा.

“घाम आला पुण्याला!” महाराज ओरडले. “बघा, तेज फुटलं!”

“तेज नाही. औषध आहे,” जागृती म्हणाली. “स्टेरॉइड. ते लावलं की कातडीतल्या बारीक शिरा आवळतात, म्हणून रंग उतरतो. खाज थांबते, लाली जाते, माणसाला वाटतं बरा झालो. आत बुरशी तशीच असते, उलट फोफावते. वाफ्यातल्या मातीनं काही झालं नाही, डेऱ्यातल्या मातीनं झालं. म्हणजे वाफा आणि डेरा यांच्यामध्ये कुणीतरी काहीतरी घातलं. प्रयोगशाळेचा कागद माझ्याकडे आहे, पण कागदाची गरज नाही. काकूंचा हात बघा.”

लोक उठून हात बघू लागले. तेवढ्यात मिठागराकडून घंटा घणघणली आणि धनेश धावत आला.

“महाराज! एकशे सत्त्याऐंशी! आत्ताच वाढला!”

“ऐकलंत?” महाराजांच्या अंगात जीव आला. “एका बाईचा हात मोठा, की एकशे सत्त्याऐंशी शास्त्रज्ञ?”

“तो एकशे सत्त्याऐंशीवा उल्लेख माझाच आहे,” जागृती म्हणाली.

धनेशनं मोबाइल पुन्हा उघडून बघितला.

“मी लिहिलंय, माझा आधीचा लेख चुकीचा आहे, तो मागं घ्यावा. आणि आधीच्या एकशे शहाऐंशींत काय लिहिलंय ते कुणी वाचलं? निम्म्यांनी लिहिलंय, आम्ही करून पाहिलं, गुण आला नाही. रावजीकाकांचा बैल मागं एकदा शंभर जणांच्या शेतात शिरला, तेव्हा शंभर जणांनी शिव्या देत त्याचं नाव घेतलं होतं. म्हणून तो बैल गुणी ठरला का?”

कुणीतरी फिसकन हसलं. जागृतीनं हातातल्या पट्ट्या खाली ठेवल्या.

“मला तुमच्यापेक्षा जास्त लाज वाटते. हा आकडा वाढताना मीही खूश व्हायचे. त्यावर मला बढती मिळाली. त्या लेखांपैकी मी चारसुद्धा नीट वाचले नव्हते. आणि ज्या डब्यांवर सगळी परीक्षा होती, ते मी स्वतः भरले नाहीत. गावचा माणूस, मीठ हातात घेऊन सांगतो, म्हणून विश्वास ठेवला. त्यातला एक सीलबंद डबा कॉलेजच्या कपाटात होता. अमिषाची मान बघितल्यावर तो उघडून तपासला. त्यातही हेच औषध निघालं. तेव्हा एवढंच मागते : किती जण बोलले ते मोजू नका, काय बोलले ते विचारा. मी सांगितलं तरी विचारा. औषध कुणी दिलं, त्यात काय आहे, दुसऱ्यानं करून पाहिलं का, हे तीन प्रश्न देवालाही चालतात. जो चिडतो, तो देव नसतो.”

महाराज देव्हाऱ्याचं दार बघायच्या निमित्तानं उठले. नीराबाईंनी त्यांना पट्टीवाल्या हातानंच खाली बसवलं. “बसा. पोलीसपाटील येतायत.”

“पण नऊ वर्षांपूर्वीच्या डब्यात कुणी घातलं?” मागून कुणीतरी विचारलं.

अमिषा रावजीकडेच बघत होती. तिनं ओढणी सोडली होती. सगळ्या गावापुढं ती लाल, पातळ मान उघडी होती, आणि काखेपाशीचे पट्टे पूर्ण जाणार नाहीत असं जागृतीनं तिला सांगितलेलं होतं. आता खरं बोलायचं, एवढंच करायचं होतं. रावजी उठला. रिवाजाप्रमाणं त्यानं ताटलीतलं मीठ मुठीत घेतलं. आणि सत्तर वर्षांच्या सवयीनं जीभ आपली वाट धरून निघाली.

“आता सांगतो त्यावर कुणाचा विश्वास बसायचा न्हाय,” तो म्हणाला. “पण मी ह्या डोळ्यांनी बघितलं. डबे मी भरले, ते चोख भरले. ओटीवर ठेवले आणि जेवायला गेलो. परत येतो तं हा बुवा डब्यांवर वाकलेला! हातात पिवळी ट्यूब! मी म्हटलं, कोण रं तू? तं पळाला खाडीकडनं, असा पळाला का चिखलात पाऊल उमटलं न्हाय—”

“ह्याच बुवानं, आजा?” अमिषानं विचारलं.

“ह्याच! मिठाची आण!”

रावजीच्या मुठीतून पाणी ठिबकत होतं. घामानं कुणाचंही मीठ पाझरतं, खऱ्याचंही आणि खोट्याचंही, हे अमिषाला माहीत होतं. तिनं मुठीकडे बघितलंच नाही. ती आजाच्या डोळ्यांत बघत होती.

“आजा,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बुवा तं चार वर्षांपूर्वी गावात आला. नऊ वर्षांपूर्वी ओटीवर तू एकटाच होतास.”