डाव्या पायाची पट्टी

आजवर विद्यापीठ मी फक्त एसटीच्या खिडकीतून बघितलं होतं. त्या दिवशी मात्र शाळेचं पत्र घेऊन थेट ग्रंथालयाच्या काउंटरवर गेले आणि म्हणाले, मला पेटंट शोधायचंय. मागं माझे वडील, आप्पा, अनवाणी उभे. एवढी पुस्तकं बघून त्यांनी चपला बाहेरच काढल्या होत्या.

काम असं होतं. राज्याच्या विज्ञान प्रदर्शनात आमचा घोडा जाणार होता. दहावीत असताना अजून काय पाहिजे! फक्त असं यंत्र आधी कुणी नोंदवलेलं नाही, हे शोधून आणायला विज्ञानाच्या महेश्वरी मॅडमनी सांगितलं होतं. घोडा म्हणजे लोखंडी पाइपचा सांगाडा. मेंढी त्यात उभी करायची, पायानं पट्टी दाबायची, की सायकलच्या चेननं जोडलेल्या दांड्यात तिची मान अलगद अडकते. मग एकट्या माणसाला तिची खुरं कापता येतात. आप्पा कुंभारीत वेल्डिंग करतात. घोडा त्यांनी मैंदर्गीच्या तानाबाई आत्यासाठी बनवला, मेंढरं तिची. तिचा उजवा गुडघा धरलेला, म्हणून पट्टी डावीकडं.

घोड्याला आप्पांचं नाव लागावं, एवढंच मला पाहिजे होतं. वेल्डरनं गेट केलं तरी गेटावर नाव मालकाचं असतं.

ग्रंथालयातल्या रुपाली मॅडमनी संगणक उघडून दिला. आधी पाइपचं भारतीय मानक दाखवलं. आप्पा जो पाइप बोटानं वाजवून घेतात, त्याचीच जाडी तिथल्या तक्त्यात निघाली. आप्पा हसून म्हणाले, सरकारचा बी कान बरा हाय की.

मग पेटंट. मी 'शीप' टाकलं, 'स्टँड' टाकलं, आमच्यासारखं काही निघेना. मी तर पेढे वाटायच्या बेतात होते. रुपाली मॅडम म्हणाल्या, थांब, पेटंटवाले साधं बोलत नाहीत, मेंढीला ते 'लहान रवंथ करणारा प्राणी' म्हणतात. त्यांनी तसं इंग्रजीत टाकलं. चौथ्या पानावर आमचा घोडा उभा.

सायकलच्या चेनचा सांधा तोच. पट्टी डावीकडंच. आणि खाली कारण दिलेलं, की पट्टी डाव्या बाजूला ठेवल्यामुळं प्राण्यावरचा ताण कमी होतो. आत्याचा गुडघा दुखला आणि त्याचं शास्त्र झालं.

अर्जदाराचं नाव वाचलं. शिवराज सर. मी आठवीत असताना तालुक्याच्या प्रदर्शनात परीक्षक म्हणून आले होते. अर्जाची तारीख प्रदर्शनानंतर सतराव्या दिवसाची.

तेव्हा मी त्यांना अर्धा तास हातवारे करून सगळं समजावलं होतं. बाकीच्यांच्या टेबलावर ते दोन मिनिटं थांबले, माझ्याकडं अर्धा तास, म्हणून मी हवेत. मग त्यांनी फाइल मागितली. तिच्यात आप्पांची मापं, माझ्या आकृत्या आणि प्रत्येक पानावर तारीख. एकच प्रत असेल तर राहू दे, असंही म्हणाले बिचारे.

"न्या की सर," मी ऐटीत म्हणाले, "माझ्याकडं दुसरी आहे."

नव्हती. पण एकच प्रत आहे म्हणायला मला कमीपणा वाटला. ती फाइल काही परत आली नाही.

रुपाली मॅडमनी नीट सांगितलं. पेटंट अजून मंजूर झालेलं नाही, हरकत घेता येते. त्यासाठी अर्जाच्या आधीचा, तारखेचा, यंत्र दाखवणारा कागद पाहिजे. माझ्या प्रमाणपत्रावर 'उत्कृष्ट सहभाग' एवढंच आहे, घोड्याचं नाव नाही. खाली सही शिवराज सरांची. फोटो होते, ते आप्पांच्या जुन्या फोनबरोबर गेले.

बसथांब्यावर आप्पा मात्र खुशीत होते.

"येवढ्या शिकलेल्या माणसानं उचललं, म्हंजी चीज चांगली हाय," ते म्हणाले. "घरी गेल्या गेल्या तुजी ती दुसरी फाइल काड."

त्यांनाही मी तेव्हा तेच सांगितलं होतं.

"दुसरी नव्हतीच, आप्पा."

बस आली, थांबली, गेली. आप्पांनी माझ्या हातातला छापलेला कागद घेतला, चित्र आत जाईल अशी घडी घातली आणि खिशात ठेवला.

"तानाबाईला बोलू नगं," ते म्हणाले. "सगळ्या मैंदर्गीला सांगत फिरती ती, माज्या पायाच्या मापानं केलंय म्हणून."