वन्सं जिन्यात बसल्या

“तू नुसतं बटण दाबणार आणि मी पास? छे गं बाई! नको.”

वन्संनी चहाचा कप खाली ठेवला आणि विषय संपवला.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांचे यजमान गेल्यापासून आमच्याकडेच असतात. मी रुग्णालयाच्या प्रशिक्षण विभागात, त्या तिथेच वॉर्डात आया. चारचौघांत मला ‘मॅडम’ म्हणतात, तेही मुद्दाम, मला लाजवायला.

गोंधळ सगळा माझाच. रुग्णालयाचं फर्मान निघालं होतं: प्रत्येक आयाने महिनाअखेर ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा करून परीक्षा द्यायची, राहील ती वॉर्डातून लाँड्रीत. अभ्यासक्रम दोन भाषांत हवा होता, एक साहेबलोकांची आणि एक आपली. खरं तर एकच अभ्यासक्रम करून त्यात भाषा बदलायची सोय ठेवायची असते. मी घाईघाईत दोन वेगळे केले. धडे दोन्हीकडे चढवले, परीक्षा मात्र साहेबांच्या भाषेतलीच जोडली. आता आपल्या भाषेत शिकलेल्या बायकांचे धडे पुरे झाले होते आणि परीक्षेच्या जागी रिकामं पान येत होतं. वन्सं त्यांतल्याच एक.

“अहो, नावापुढे ‘पास’ची एक टिक तर मारायची,” मी म्हटलं. “बाकीच्यांच्याही मारते.”

“आणि उद्या वॉर्डात कुणी म्हणालं, भावजयीने पास केलं, तर? एवढी वर्षं पेशंटच्या उशाशी काढली, ती फुकटात पास व्हायला?”

“मग जा लाँड्रीत!”

“जाईन. पण आधी तू तुझं काम कर.”

घ्या! चूक माझी, त्यामुळे उलट बोलायचीही सोय नव्हती. निमूट आमच्या विभागाच्या साहेबांकडे गेले.

“आहे त्या भाषेतच देतील की परीक्षा,” साहेब म्हणाले.

“ती येत नाही म्हणून तर दोन भाषांचा खटाटोप केला ना, साहेब?”

साहेबांनी डोकं खाजवलं. “सोमवारी सकाळी तयार पाहिजे. वेळ, मार्क, काही बदलायचं नाही.”

रविवारी दुपारी भांडी आवरून मी भाषांतराला बसले. घर दोन खोल्यांचं, कुठूनही स्क्रीन दिसतेच. वन्संनी एक उशी उचलली आणि बाहेर जिन्यात जाऊन बसल्या.

“इतकं काय ते! पाठ फिरवून आतच बसा की.”

“तू लिहिताना मोठ्याने वाचतेस. मला ठाऊक आहे.”

ते खरंच होतं.

पाच-सहा प्रश्न झाले आणि माझं घोडं अडलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, ते काही केल्या साध्या शब्दांत उतरेना. हे काम घरात एकाच माणसाला येत होतं आणि ते माणूस जिन्यात बसलं होतं. मी दार किलकिलं केलं.

“वन्सं, एक विचारू?”

त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली. “अजिबात विचारायचं नाही!”

वरच्या मजल्यावरची शेजारीण पिशव्या घेऊन चढत होती. “काय हो, भावजयीने बाहेर काढलं की काय?”

“छे हो, परीक्षा आहे.”

“कुणाची? तिची की तुमची?”

“दोघींची,” वन्सं म्हणाल्या आणि तिला वाट द्यायला सरकून बसल्या.

मला हसू फुटलं. या बाईला मी टिक मारून देणार होते! लाज वाटली मला. दार लावून घेतलं आणि तो प्रश्न जमेल तसा स्वतःच लिहिला.

ऊन उतरल्यावर हाक मारली, “झालं हो. या आत.”

“बंद केलंस का सगळं?”

“केलं.”

“परत बघ एकदा.”

सोमवारी परीक्षा झाली. मी खोलीत थांबायचं नाही, असा वन्संचा हुकूम होता. दाराच्या काचेतून तेवढं दिसत होतं. वन्सं ओळीखाली बोट धरून वाचतात, प्रत्येक गोष्ट दोनदा. घरी विजेचं बिलसुद्धा. तशाच शांतपणे वाचत होत्या. वेळ संपली, स्क्रीन आपोआप बंद झाली आणि त्यांचे शेवटचे प्रश्न तसेच राहिले. बाकीच्या बायका पास झाल्या. वन्सं थोडक्यात राहिल्या.

निकालाच्या यादीत त्यांच्या नावापुढे रिकामा चौकोन होता. माझं बोट तिथवर गेलं, खोटं कशाला बोलू? पण टिक मारली असती, तर त्यांनी पुन्हा माझ्या हातचा चहा घेतला नसता.

“बाकीच्या झाल्या ना?” बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं.

“झाल्या.”

“मग तोंड कशाला पाडतेस? तुझा रविवार फुकट नाही गेला.” एवढं बोलून त्या वॉर्डातली आपली चप्पल आणि डबा आणायला गेल्या. बऱ्याच वेळाने परत आल्या. डोळे लाल होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लाँड्रीत गेले. आत नुसती वाफ. वन्सं धुतलेल्या चादरींच्या ढिगापाशी उभ्या होत्या.

“पुढच्या परीक्षेला वेळ वाढवून मिळणार आहे,” मी म्हटलं. “साहेबांशी भांडून आले.”

“माझ्या एकटीसाठी?”

“सगळ्यांसाठी. दोन्ही भाषांत.”

“मग ठीक.” त्यांनी एक चादर उचलली आणि तिची दोन टोकं माझ्या हातात दिली. मी ती धरून उभी राहिले. डोळे भरून आले होते, समोरचं धड दिसतही नव्हतं.

“अगं, ओढ की नीट,” वन्सं म्हणाल्या. “सुरकुती राहिली तर पेशंटच्या पाठीला रुतते.”