गार ज्योत, उघडी खिडकी

एगर्ट रादेमानच्या डाव्या पायाचा वास वीक गावात इतका नावाजलेला होता, की वारा जमिनीकडून सुटला तर समुद्रपक्षी म्हणे बंदरावर उतरता उतरता मागे फिरत. आता हे पक्षी म्हणजे सडका मासासुद्धा भांडून खाणारी जात. पण गावाने एकदा म्हटलं की म्हटलं.

एकतीस वर्षं एगर्टने गावचा लाकडी पूल हाताने उघडला आणि बंद केला. तासाला घंटा द्यायची, चाक फिरवायचं, शिडाच्या होड्या गेल्या की चाक उलटं फिरवायचं. इतकं उभं राहून पायाच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या. नोकरी संपली त्या वर्षी घोट्याच्या वर बटणाएवढी जखम झाली. ती काही बुजेना. वर्षादोन वर्षांत बटणाची बशी झाली आणि बशीला वास सुटला.

तोवर दर गुरुवारी दुपारी चारला गावच्या खानावळीत त्याचा स्काटचा डाव असे. स्काट हा तिघांचा पत्त्यांचा खेळ. एगर्ट, मासे धुरवणारा कुनो आणि ओटफ्रीड, असे तिघं. ओटफ्रीड जुना पोस्टमन. पाकीट न फोडता आतलं पत्र प्रेमाचं की वकिलाचं ते नुसत्या वासावर सांगतो, अशी त्याच्या नाकाची कीर्ती. चार वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका गुरुवारी, बाहेर बंदर गोठलेलं असताना, हा ओटफ्रीड मध्येच उठला आणि एक शब्द न बोलता त्याने खिडकी सताड उघडली. मग त्याने खुंटीवरचा कोट काढून घातला. कुनोनेही घातला. एगर्टने ते पाहिलं, पत्ते पालथे ठेवले, काठी घेतली आणि तो मागच्या दाराने निघून गेला. त्यानंतर त्या खोलीत त्याने पाय ठेवला नाही.

माणसांत जायचं नाही असं ठरवलं, तरी माणूस जाणार कुठे? एगर्ट गेला कुनोच्या भट्टीपाशी. तिथे बीच झाडाच्या लाकडावर हेरिंग आणि वाम मासे दिवसभर धुरत. धुराच्या वासात पायाचा वास कोणाला कळणार? शिवाय चाळीस वर्षांच्या धुराने कुनोचं नाक पार मेलेलं. एगर्ट भट्टीच्या दारापाशी पाय पसरून दुपारभर बसे. गुरुवारी तीन वाजले की कुनो हात पुसत म्हणे, "गुरुवार आहे." एगर्ट म्हणे, "पाय." चार वर्षांत या विषयावर दोघांचं एवढंच बोलणं झालं. त्या किनाऱ्यावर याला गप्पा म्हणतात.

शेवटी ऑक्टोबरात डॉक्टरने त्याला शहरातल्या जखमांच्या दवाखान्यात, सिस्टर योर्डिसकडे धाडलं. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, "रादेमानसाहेब, पुलाच्या खांबांवर पाण्याखाली बुळबुळीत थर धरतो ना? तसाच इथे जंतूंनी धरलाय. चिकट छप्पर घालून आत सुखाने नांदतायत. औषध छपरावरून ओघळून जातं."

"खांब आम्ही खरवडायचो," एगर्ट म्हणाला. "पंधरा दिवसांत पुन्हा तेच."

"म्हणून नुसतं खरवडायचं नाही."

तिने थर खरवडला आणि जाड पेनासारखं यंत्र हातात घेतलं. टोकाला बोटाच्या पेराएवढी जांभळी ज्योत फुरफुरू लागली. एगर्टने पाय आखडला.

"भाजत नाही. गार आहे. प्लाझ्मा म्हणतात याला." तिने ती ज्योत आधी स्वतःच्या बोटावरून फिरवली, मग जखमेवरून, इस्त्री फिरवावी तशी सावकाश. मुंग्या चालल्यासारखं झालं. वीज पडून गेल्यावर येतो तसा वास आला. मग घोट्यापासून गुडघ्यापर्यंत घट्ट पट्टी. "ही जादू नाही," ती म्हणाली. "ज्योत छप्पर मोडते. बाकीचं काम पट्टीचं, आणि तुमचं."

आठवड्यातून दोनदा असं तीन आठवडे चाललं. जखम जागची हलेना. चौथ्या आठवड्यात पट्टी सोडता सोडता योर्डिस थांबली.

"रादेमानसाहेब, तुमच्या पायाला धुरवलेल्या वामाचा वास येतोय."

"चांगला की वाईट?"

"चांगला. मला भूक लागली. म्हणजे वाईटच. कुठे बसता तुम्ही?"

"कुनोच्या भट्टीपाशी. दुपारभर."

"पाय भट्टीकडे करून?"

"मग काय डोकं करू?"

तिने पट्टी मांडीवर टाकली. "अहो, उष्णतेने शिरा आणखी फुगतात, पाणी खाली उतरतं, जखम झिरपते. त्या चिकट जंतूंना ओल हवीच असते. म्हणजे मी त्यांना इथे मारायचं आणि तुम्ही तिकडे नेऊन पोसायचं! चार वर्षं हेच?"

एगर्ट जमिनीकडे बघत म्हणाला, "भट्टी सोडली तर वास उघडा पडेल."

"वास त्या थराचाच आहे. थर जाईल तसा वास जाईल."

"गेला हे मला कोण सांगणार? मला स्वतःचा येत नाही."

"मी सांगेन."

"तुम्हाला गोड बोलायचा पगार मिळतो."

"पगार पट्ट्या बांधायचा मिळतो. गोड बोलायचं ते मी फुकट बोलते, आणि तुमच्याशी अजून एकदाही बोललेले नाही."

हे मात्र खरं होतं. एगर्टने भट्टी सोडली.

त्यानंतरचे नऊ आठवडे तो स्वयंपाकघरात बसून होता. भट्टीपाशी निदान कुनो खोकत असे. इथे फक्त घड्याळ. सकाळी एका माणसाची कॉफी, संध्याकाळी एका माणसाचा पाव. समोरच्या स्टुलावर पट्टी बांधलेला पाय. बोलायला दुसरं कोणी नसल्याने तो पायालाच बातम्या सांगू लागला. बंदरात बर्फ धरायला लागला, टपालाची गाडी उशिरा आली, बटाटे भिजके निघाले. पायाने कधी हूं केलं नाही. पुलाची घंटा ऐकू आली की त्याचे हात आपोआप चाक धरायला उठत, आणि मग काय करावं न सुचून मेजावर परत येत. गुरुवारी चारची घंटा झाली की तो नळ मोठा सोडून भांडी घासायला घेई. एक कप आणि एक बशी, तरी अर्धा तास घाशी.

जानेवारीत जखम पुन्हा बटणाएवढी झाली. योर्डिसने काढलेला कापूस नाकाशी धरून खरबूज हुंगावं तसा हुंगला. "साबण," ती म्हणाली. "बाकी काही नाही."

एगर्टचा विश्वास बसला नाही. आणि गावात खरं नाक एकच होतं.

त्या गुरुवारी चार वाजता तो खानावळीच्या काचेशी उभा राहिला. आत ओटफ्रीड आणि कुनो, दोघंच. पण मेजावर पत्ते तीन हातांचे मांडलेले. तिसरा हात त्याच्या जुन्या खुर्चीसमोर. तिसरा भिडू नसला की रिकाम्या जागी पानं मांडून खेळतात. त्या जागेला तिथे बुजगावणं म्हणतात. चार वर्षं त्यांनी दुसऱ्या कोणाला बसवलं नव्हतं.

तो आत गेला. कुनो म्हणाला, "गुरुवार आहे." एगर्ट या वेळी 'पाय' म्हणाला नाही. बसला.

ओटफ्रीडने त्याच्याकडे पाहिलं, नाक ओढलं, उठला आणि खिडकी सताड उघडली. बर्फाळ वारा आत आला. ओटफ्रीडने कोट घातला. कुनोनेही घातला.

एगर्टचा हात काठीकडे गेला.

"कुठे निघालास?" ओटफ्रीडने विचारलं.

"तुम्ही निघालात ना."

"कोण निघालंय? खिडकी उघडली की थंडी वाजते, थंडी वाजली की माणूस कोट घालतो. गाढवा, तुझा कोट कुठाय?"

एगर्ट अर्धवट उठलेला तसाच राहिला. "आणि त्या वेळी?"

"त्या वेळी तुझा पाय नासला होता. म्हटलं, खिडकी उघडू, कोट घालू आणि आरामात खेळत बसू. पानं बघून मान वर करतो तर तू नाहीस. मला वाटलं मुतायला गेलास."

"चार वर्षं?"

"या वयात वेळ लागतो."

एगर्ट कुनोकडे वळला. "आणि तू? रोज माझ्या शेजारी होतास."

"तू विचारलं नाहीस," कुनो म्हणाला. "मला वाटलं, तुला धूर आवडतो."

दोनशे गुरुवार. एगर्टने काठी परत खुर्चीला टेकवली आणि खाली बसला. मग त्याने मुद्द्याचं विचारलं. "मग आज खिडकी कशाला?"

"आज कुनोसाठी. सकाळपासून वाम धुरवून तसाच आलाय. जनावर!"

"आणि मी?"

ओटफ्रीडने मेजावरून वाकून त्याला दोनदा हुंगलं, डोळे मिटून, पाकीट हुंगावं तसं. "साबण," तो म्हणाला. "स्वस्तातला."

एगर्टने कोट चढवला, बटणं गळ्यापर्यंत लावली आणि बुजगावण्याचे पत्ते उचलले. सगळी रद्दी.

"ही काय पानं दिलीत?"

"त्याने कधी कुरकुर केली नाही," कुनो म्हणाला.

उघड्या खिडकीतून पुलाकडचा वारा येत होता. एगर्टने पानं पुन्हा लावली, पुन्हा मोडली. कितीतरी वेळ पहिलं पान त्याच्या हातून सुटेना, आणि दोघांपैकी कोणीही त्याला घाई केली नाही.